जुना ड्रायव्हर

दौलतराव डुंबरे रोज दुपारी जेवून, सुपारीचं खांड तोंडात टाकून गाडी काढतात. गाडी म्हणजे बस. आणि ती उभी असते कोपरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीपाशी, कपाट आणि शिलाई मशीनच्या मधे.

मुलाचा, सर्वेशचा, हा कॉलेजातला कॉम्प्युटर. लग्नानंतर सर्वेश घोडबंदर रोडच्या एका उंच टॉवरमधे राहायला गेला, तेव्हा "नव्या घरात हा डबा नको" म्हणून इथेच ठेवून गेला. आत त्याने त्या काळी हौसेने बसवलेलं ग्राफिक्स कार्ड होतं, गेममधली चित्रं पडद्यावर खऱ्यासारखी दिसावीत म्हणून. पुढे त्यानेच बापाला बस चालवायचा एक गेम टाकून दिला आणि टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक-ॲक्सिलरेटर असा सगळा जामानिमा आणून दिला. पोरगा तसा गुणाचा आहे. फक्त बोलताना पुढचामागचा विचार करत नाही.

गेममधलं गाव कुठल्या तरी थंड देशातलं आहे. रस्ते धुतल्यासारखे, माणसं सिग्नल पाळणारी. दौलतरावांना त्याचं काही देणंघेणं नाही. टोकदार चर्चचा चौक आला की त्यांच्या लेखी कापूरबावडी आली. नदीवरचा पूल म्हणजे कोपरीचा पूल, आणि त्यापुढे बर्फाच्या डोंगराकडे जो रस्ता वळतो तो थेट मानपाड्याला. हयातभर ठाण्याच्या रस्त्यांवर बस हाकलेल्या माणसाला तुम्ही विमानात बसवलंत तरी तो खाली बघून स्टॉपच शोधणार.

त्यातही एक गंमत आहे. गेममधे कंडक्टर नाही. आणि कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे दौलतरावांच्या हाडात मुरलेलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावून ते नुसतेच बसून राहिले. शेवटी बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, घंटी दे की." रंगूबाईंनी कपाळावर हात मारला, देव्हाऱ्यातली घंटी उचलली आणि दोनदा वाजवली. तेव्हापासून रोज दुपारी त्या घरात देवाची नसलेली आरती होते. दोनदा वाजली की गाडी सुटते, एकदा वाजली की थांबते. एकदा वाजते ती बहुतेक चहा झाला म्हणून.

आता हे सगळं म्हाताऱ्याचं खूळ म्हणून हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्यामागे एक सल होता, आणि तो रंगूबाईंना ठाऊक होता.

ड्रायव्हर रिटायर होतो त्या दिवशी डेपोतली माणसं त्याच्या शेवटच्या फेरीला बस सजवतात. पुढच्या काचेला झेंडूचा हार, बायको पहिल्या सीटवर, पोरं मागे, आणि ओळखीचे प्रवासी उतरताना हात मिळवून जातात. दौलतरावांनी इतरांच्या अशा कितीतरी फेऱ्यांना टाळ्या वाजवलेल्या. पण त्यांची पाळी यायच्या आधीच मेडिकलमधे डाव्या डोळ्याने दगा दिला. स्टिअरिंग सुटलं ते सुटलंच. राहिलेली नोकरी डेपोच्या गेटवर, आत-बाहेर जाणाऱ्या गाड्या बघण्यात गेली. निरोपाला शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणंही झाली. शेवटची फेरी तेवढी झाली नाही. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण दुसऱ्या कुणाच्या हारवाल्या बसचा फोटो कुणी दाखवला की ते पाणी प्यायला उठतात.

आणि अशात नातीने, सान्वीने, वर्गात जाहीर करून टाकलं की माझा आबा बस चालवतो. तिची मैत्रीण टान्या म्हणाली, "खोटं. तुझा आबा रिक्षातून येतो, आम्ही बघितलाय." सान्वी रडकुंडीला आली. आबांनी फोनवरच सांगितलं, "रविवारी घेऊन ये तुझ्या त्या टान्याला. दोघींना फिरवून आणतो." फोन ठेवल्यावर ते स्वतःशीच हसले आणि स्टिअरिंग फडक्याने पुसून घेतलं. रंगूबाईंनी ते बघितलं.

शुक्रवारी घोडं अडलं. दुपारी गेम उघडला तर आधी त्याचं काहीतरी बराच वेळ आपोआप डाऊनलोड होत राहिलं, आणि मग पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. दौलतरावांनी चष्मा सारखा करून एकेक शब्द लावला. ग्राफिक्स हा शब्द त्यांनी सोडून दिला. ड्रायव्हर कळला. पुढे 'टू ओल्ड' होतं, तेही कळलं. ड्रायव्हर फार म्हातारा झाला आहे, गेम सुरू होणार नाही.

दौलतराव सर्द झाले. गेम पहिल्यांदा उघडताना त्यात जन्मतारीख भरावी लागलेली, ती त्यांना आठवली. म्हणजे ह्यांनीही वयाची अट काढली! घरातल्या घरात, कुणाच्या अंगावर जात नाही, फार तर परदेशातला एखादा खांब पडतो, तरी इथेही मेडिकल! क्षणभर त्यांना डेपोतला तो डॉक्टर डोळ्यांपुढे दिसला आणि खरंच वाईट वाटलं.

त्यांनी चाचरत सर्वेशला फोन लावला. "अरे, तो गेम म्हणतोय ड्रायव्हर म्हातारा झाला. जन्मतारीख बदलता येते का रे?"

सर्वेश मीटिंगमधून बाहेर आलेला, घाईत. त्याने जन्मतारखेचं ऐकलंच नाही. फोन स्पीकरवर होता आणि रंगूबाई नेमक्या तेव्हाच गॅलरीतून वाळलेले कपडे घेऊन आत येत होत्या. त्यांच्या कानावर पडलं ते असं:

"बाबा, सगळा लोचा त्या ड्रायव्हरमुळेच आहे. किती जुना झालाय तो! नव्या कशाशीच जमत नाही त्याचं. आधी त्याला काढून टाका. आणि पूर्ण काढा हं, अर्धवट ठेवला तर नव्याला त्रास देत बसतो."

रंगूबाईंनी कपडे पलंगावर टाकले आणि फोन हिसकावला.

"कुणाला काढून टाकतोस रे? त्या ड्रायव्हरने पहाटेच्या ड्युट्या केल्या म्हणून तू इंजिनियर झालास! नव्याशी जमत नाही म्हणे! तुझ्या त्या टॉवरची लिफ्ट बंद पडली ना, की ये मग इथे, जुन्याकडे!"

"आई, काय बोलतेयस तू? मी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरबद्दल बोलतोय!"

"कार्डाला कसला आलाय ड्रायव्हर? मला शिकवू नकोस!"

मग सर्वेशने आवाज खाली आणून समजावलं. कार्ड ही वस्तू, पण ते कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा एक प्रोग्राम लागतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर. कार्ड बनवणारी कंपनी त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या काढते. दौलतरावांना ते चटकन पटलं. "म्हणजे कार्ड ही गाडी. चालवणारा नसेल तर जागची हलणार नाही." रंगूबाई मात्र कपड्यांच्या घड्या घालताना पुटपुटत राहिल्या, "मग तसं बोलायचं ना. शब्द काय कमी पडलेत?"

दौलतराव तेव्हा खूप हसले. पण हसून झाल्यावर 'काढून टाका' हे शब्द काही डोक्यातून जाईनात. माणसाला ठाऊक असतं की दगड आपल्यावर मारलेला नाही, तरी लागायचा तो लागतोच.

शनिवारी फोनवरून काम सुरू झालं. सर्वेश तिकडे पातलीपाड्याला ट्रॅफिकमधे अडकलेला, दौलतराव इकडे माऊस धरून. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. जुना ड्रायव्हर काढला. कंपनीच्या साइटवर सगळ्यात वरती, सगळ्यात नवा होता तो उतरवला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आणि आगीतून फुफाट्यात. पडद्यावरची अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली, चित्रं फिकट पडली आणि गेमने आता तोंडही दाखवलं नाही.

"राहू दे बाबा," सर्वेश म्हणाला. "उद्या माझा लॅपटॉप घेऊन येतो, पोरींना त्याच्यावर काहीतरी दाखवू."

"काहीतरी नको," दौलतराव म्हणाले. एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्या दुपारी घंटी वाजली नाही. संध्याकाळी रंगूबाईंनी त्यांना बाजारात पिटाळलं, कोथिंबीर आणायला. घरात आधीची जुडी होती तरी.

रविवारी सगळे आले. सून ऐश्वर्या, सान्वी, आणि दोन घट्ट वेण्या घातलेली टान्या. तिने दारातच विचारलं, "बस कुठे पार्क करता?" आबांनी खिडकीकडे बोट दाखवलं. टान्याने सान्वीकडे ज्या नजरेने बघितलं, ती सान्वीला चांगलीच झोंबली.

सर्वेश बूट काढून सरळ कॉम्प्युटरपुढे बसला. पोरींना थालीपीठ वाढलं, खाऊन झालं, आंबावडी झाली. टान्या म्हणाली, "आपण मोबाइलवर खेळू या ना." सान्वी आबांच्या खुर्चीचा हात धरून उभी राहिली, हलली नाही. "थांब ना जरा," ती म्हणाली. "आबा चालवतो. खरंच चालवतो." दौलतराव खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सर्वेश बराच वेळ वाचत होता. मग तो एकदम म्हणाला, "अरे यार. सापडलं."

"काय झालं?" रंगूबाई पुढे आल्या.

"बाबा, माझंच चुकलं." सर्वेश मान खाजवत म्हणाला. "सगळ्यात नवा ड्रायव्हर ह्या कार्डासाठी नाहीच. त्याला हे कार्ड ओळखताच येत नाही. कंपनीने जुन्या कार्डांसाठी एक वेगळं पान ठेवलंय, तिथे ह्याच्यासाठी काढलेला शेवटचा ड्रायव्हर आहे. गेमला तो चालतो. जुनाच आहे, पण हे कार्ड चालवावं तर त्यानेच. मी उगाच नव्याच्या मागे लागलो."

"हे मी परवाच सांगितलेलं," रंगूबाई म्हणाल्या. आणि खरं बोलायचं तर सांगितलेलंच होतं.

डाऊनलोड मुंगीच्या पावलांनी झाला. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, पडदा क्षणभर काळा पडला, तेव्हा ऐश्वर्यानेसुद्धा श्वास रोखलेला. मग अक्षरं आपल्या मापाची झाली. गेम उघडला. थंड देशातली ती बस सकाळच्या उन्हात, लख्ख, डेपोत उभी होती.

"बसा," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज वेगळा येत होता. पोरी मागच्या पलंगावर बसल्या. दौलतरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवले, आरसा बघितला आणि थांबले. घंटी वाजेना.

"अगं, बेल दे."

रंगूबाई आतून आल्या त्या हातात झेंडूचा हार घेऊन. सकाळी देवाच्या नावाने आणलेला, पण देवाला घातलाच नव्हता. त्यांनी तो कॉम्प्युटरच्या पडद्यावर अडकवला, दोन्ही कोपऱ्यांना धरून, काचेला अडकवतात तसा.

दौलतराव हाराकडे बघत राहिले. मग नाक ओढून म्हणाले, "समोरचं दिसत नाहीये."

"मग जरा वर करून घ्या." रंगूबाईंनी खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या बरोबर मागे, पहिल्या सीटवर बसल्या. पदर सारखा केला. सर्वेश उभा होता, त्याला म्हणाल्या, "तू मागे जा, पोरांची जागा मागे असते." सर्वेश मुकाट्याने पोरींच्या शेजारी जाऊन बसला. त्याला सगळं आत्ता कळलं असावं, कारण तो मोबाइल काढायलाही विसरला.

सान्वीच्या हातात घंटी दिली. "दोनदा," आजी म्हणाली.

टिंग टिंग.

गाडी सुटली. काय चालवली त्यांनी! वळण आलं की पोरी आपसूक कलत होत्या. चर्चचा चौक आला तशी आजी ओरडली, "कापूरबावडी!" टान्या म्हणाली, "हे काय कापूरबावडी नाही." मग पुढच्या स्टॉपला तीच ओरडली, "मानपाडा!" आणि सान्वीने तिला कोपराने ढोसलं, "बघ, बोललेले ना मी." पुलावरून जाताना दौलतरावांनी समोरून येणाऱ्या बसला, तिच्या त्या निर्जीव ड्रायव्हरला, हात वर करून सलाम ठोकला. रोजचाच होता तो, पण आज सगळ्यांनी बघितला.

शेवटचा स्टॉप दिसू लागला. दौलतरावांनी पाय ब्रेकवर आणला आणि सिंगल बेलची वाट बघितली. बेल आली नाही. त्यांनी आरशात बघितलं, म्हणजे सवयीने मान वर केली, आणि मग मागे वळून पाहिलं.

घंटी सान्वीच्या हातात नव्हती. ती रंगूबाईंच्या मुठीत होती, आणि त्यांनी तिचा लोळा बोटांनी घट्ट धरून ठेवला होता.

"पुढे बघून चालवा," त्या म्हणाल्या.

दौलतरावांनी पाय ब्रेकवरून उचलला, स्टॉप मागे पडला, आणि गाडी बर्फाच्या डोंगराकडे चालू लागली.