उतारावरचा ब्रेक

हसू नका असं मी म्हणणार नाही. नीलिमाने, म्हणजे माझ्या बायकोने, हा प्रसंग सगळ्या नातेवाइकांना सांगून झालाय, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. फक्त एकदा माझ्या तोंडून ऐका, म्हणजे निदान तपशील तरी बरोबर राहतील.

रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. मी गाडी घेतली. जुनी, पण स्पोर्ट्स. लाल रंगाची, दोनच दारांची, बसकी, मागे पंखासारखी पट्टी. मंडीदीपच्या कारखान्यात नोकरी करत असताना अशी एक गाडी रोज सकाळी आमच्या कंपनीच्या बसला मागे टाकून जायची. ती गेली की खिडकीतली आम्ही सगळी मंडळी माना वळवून बघत राहायचो. आता इतक्या वर्षांनी तशीच एक भोपाळमध्येच विकायला आहे म्हटल्यावर माझ्याच्याने राहवेना.

कोलार रोडच्या आमच्या सोसायटीत मी ती आणून उभी केली तेव्हा नीलिमाने वाकून आत पाहिलं. "यात बसायचं, की झोपायचं?"

"बसून तर बघ."

"वयाप्रमाणे गुडघे दुखतात हो माझे. तुमचे नाही का दुखत?"

दुखत होते. पण त्या गाडीत दुखत नव्हते, हे तिला कसं सांगणार?

तर, रोज संध्याकाळी मी श्यामला हिल्सवर एक चक्कर मारायचो आणि तिकडून उतरून तलावाच्या काठी यायचो. लहानपणापासूनचा ओळखीचा रस्ता. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ब्रेक कमजोर आहेत. सपाटीवर ठीक लागायचे. उतारावर मात्र दोनदा दाबले की तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं कडक. पाय रेटावा तेव्हा कुठे गाडी नाइलाजाने थांबायची.

आता, मी जन्मभर मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. मशीन बंद पडलं की कारखान्यात मला बोलवायचे. मी लगेच निदान केलं. सपाटीवर ठीक, उतारावर नाही, म्हणजे उतारावर ब्रेक तापतात. तापले की कमजोर होतात. झालं.

महाराणा प्रताप नगरच्या मागच्या गल्लीत रफीकभाईंचं गॅरेज आहे. त्यांनी गाडी चालवून पाहिली, मी शेजारी बसलो. परत येऊन म्हणाले, "साहब, ब्रेक तो मक्खन हैं."

"उतार पे नहीं लगते."

मग ते मला घेऊन श्यामला हिल्सच्या उतारावर गेले. ब्रेक मस्त लागले. एकदा, दोनदा, दहादा.

"अभी गरम नहीं हुए होंगे," मी म्हणालो.

माझ्या आग्रहाखातर त्यांनी ब्रेक ऑइल बदललं. काही फरक नाही. मग पॅड बदलले. मग मी म्हटलं मास्टर सिलेंडर बदला. "अच्छा-भला है," असं बिचारे म्हणत होते, पण मी ऐकतोय कशाला? तोही बदलून घेतला. दर वेळी ते चालवून बघायचे, मी शेजारी बसून मान हलवायचो, आणि दर वेळी संध्याकाळी मी एकटा निघालो की उताराच्या तळाशी पुन्हा तेच.

एकदा तर तळाशी भुट्टे भाजणाऱ्या बाईंच्या ठेल्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर गाडी थांबली. बाईंच्या हातातला पंखा तसाच राहिला. त्या म्हणाल्या, "भुट्टा चाहिए तो आवाज दे देते, भैया."

घरी आल्यावर नीलिमाने माझा चेहरा पाहून सगळं काढून घेतलं. "ब्रेक नीट होईपर्यंत मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही," ती म्हणाली, "आणि तुम्हीही ठेवू नका."

मी तडक रफीकभाईंकडे गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो की तुम्ही डुप्लिकेट पार्ट टाकले आहेत. ते हात पुसत उभे राहिले. एवढंच म्हणाले, "साहब, हमारे वालिद के ज़माने से गॅरेज है. ये आज तक किसी ने नहीं कहा." त्यांनी चहा सांगितला होता, तो तसाच टाकून मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून माझी मोठी बहीण आली. ताईने गाडी पाहिली आणि म्हणाली, "चल, तलावावर जाऊ."

"ताई, ब्रेक धड नाहीत."

"बाबांच्या स्कूटरला तरी कुठे होते? आपण चौघं बसायचोच ना."

नीलिमा नको नको म्हणत राहिली. हळूहळू जातो, असं कबूल करून आम्ही निघालो. वर पोहोचलो तेव्हा ऊन कलत होतं आणि खाली पाणी चमकत होतं. गाडी उताराला लागली. ताई एकदम म्हणाली, "अशोक, बंद पडली का रे?"

"काय?"

"गाडी. आवाज कुठे गेला?"

आवाज खरंच नव्हता. त्या गाडीचा सायलेन्सर असा घुमायचा की कॉलनीत गाड्यांचे अलार्म वाजायचे. आता नुसता टायरचा सरसर आवाज आणि वारा. मी खाली पाहिलं. गिअर न्यूट्रलमध्ये होता, आणि माझी बोटं चावीवर होती. मीच इंजिन बंद केलं होतं.

पाय ब्रेकवर गेला, तो दगड. मी चावी फिरवली, इंजिन गरजलं, आणि पायाखालचं पेडल लोण्यासारखं आत गेलं. गाडी शहाण्यासारखी कडेला उभी राहिली.

ब्रेकच्या पेडलमागे एक डबा असतो. इंजिन चालू असलं की तो आपल्या पायाला जोर देतो. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबेपर्यंत तो जोर पुरतो, मग सगळा भार आपल्या पायावर. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी दुसऱ्यांना शिकवलेलं आहे.

ताई आधी हसली. मग चष्मा काढून डोळे पुसायला लागली. "बाबा इथूनच बंद करायचे," ती म्हणाली. "ह्याच वळणावरून."

रविवारी संध्याकाळी बाबा आम्हाला स्कूटरवरून इथे आणायचे आणि उतार लागला की चावी फिरवायचे, खाली पोहोचल्यावर पुन्हा सुरू करायचे. आई म्हणायची, पेट्रोल वाचवतात. बाबा म्हणायचे, "पेट्रोल नाही गं. इंजिन गप्प झालं की तलाव ऐकू येतो." मधली सगळी वर्षं मी कंपनीच्या बसने गेलो आणि घरी नीलिमाची बटणावर सुरू होणारी गाडी. हाताला पुन्हा चावी मिळाली, तोच रस्ता मिळाला, आणि हाताने मला न विचारता आपलं काम सुरू केलं.

आम्ही बराच वेळ तिथेच बसलो.

रफीकभाईंची माफी मागायला नीलिमा माझ्याबरोबर आली. मी एकटा गेलो तर माफीऐवजी व्याख्यान देईन, अशी तिला खात्री होती. ती खरी ठरली. मी त्या डब्याची रचना सांगायला सुरुवात केली. रफीकभाई शांतपणे ऐकत होते, पण शेवटी त्यांनी नीलिमाकडे पाहिलं.

"भाईसाहब," ती म्हणाली, "खराबी मिल गई है. अब तक वही गाड़ी चला रहे थे."

रफीकभाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग पोराला चहा आणायला सांगितलं आणि म्हणाले, "तो भाभी, ये पार्ट बदल दें?"

"नहीं भाईसाहब," नीलिमा म्हणाली. "ये मॉडल अब आता ही नहीं. ऐसे ही चलाना पड़ेगा."