ब्रेकबाईंचा विक्रम

गाडी शिकवणाऱ्या बाईंना शिकाऊ मंडळी पाठीमागे 'ब्रेकबाई' म्हणत. शिकवायच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यांचा एक पाय कायम त्यावर तयार असे. तोच पाय पायरीवरून घसरून मोडला, प्लास्टरमध्ये गेला आणि बाई घरी बसून सगळ्यांचं डोकं खाऊ लागल्या. शिंपीकाम करणाऱ्या नवऱ्याने मशीन जोरात चालवलं की "सावकाश". नणंद जिना उतरली की "सावकाश".

नणंद घरातच एका खोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करायची. वैतागून तिने बाईंपुढे एक गेम लावून दिला. मोकळं मैदान, चाकं, इंजिनं, पत्रे. मनाला येईल तशी गाडी जुळवायची आणि पळवायची.

"वहिनी, माझा विक्रम ताशी नऊशेचा आहे. मोडून दाखव."

"नऊशे? अगं, वळणावर काय करशील?"

"वळण नाहीच तिथे."

बाईंच्या पहिल्या गाडीला आरसे होते, इंडिकेटर होते, चारही चाकांना ब्रेक होते. ती जेमतेम रांगली. नणंद हसली, आणि तिथे बाईंना चेव चढला. आरसे गेले, ब्रेक गेले, मागे रॉकेट आलं. मग चाकं निखळून चौफेर उधळू लागली. एकदा तर अख्खी गाडी जमिनीत रुतली आणि तिथून थेट आभाळात भिरकावली गेली.

चहा घेऊन आलेला नवरा पडद्याकडे बघत म्हणाला, "पुढून केवढी रुंद केली आहेस. सुई कर की तिची."

बाईंनी सुई केली. लांबलचक, निमुळती, मधोमध आसन आणि त्यावर पट्टा बांधलेला बाहुला.

रविवारी सकाळी नणंद पंच म्हणून शेजारी बसली. अट एकच: मैदानातली शेवटची रेषा ओलांडताना बाहुला आसनावर हवा.

सुई सुटली. सातशेला मागची चाकं गेली. नऊशेला पत्रे सालीसारखे सोलून निघाले. मग रॉकेट सुटून गाडीच्याच पुढे पळालं. बाईंचा प्लास्टरमधला पाय टेबलाखाली ताठ झाला होता, पण बोट बटणावरून हललं नाही. हजाराच्या वेगाने रेषा ओलांडली ती फक्त आसनाने, बाहुल्यासकट.

"ही गाडी नाही, खुर्ची आहे," नणंद म्हणाली.

"पट्टा बांधलाय. माणूस जागेवर आहे. मी याला पास करते."

"चाक कुठंय एक तरी?"

"चाकाची अट तू घातली नव्हतीस."

नणंदेने भावाकडे पाहिलं. तो दोघींच्या मध्ये पडणाऱ्यातला नव्हता. रिकामे कप उचलून तो काढता पाय घेत होता. शेवटी नणंदेने विक्रम मान्य केला, पण 'खुर्ची गटात'.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीला टाकलेला कॉम्प्युटर न्यायला एक गिऱ्हाईक आलं. दारात बराच वेळ ताटकळल्यावर त्याने हाक मारली.

"आले, आले," आतून नणंद म्हणाली. "एवढी खुर्ची जोडून होऊ दे."

आणि तिच्यामागून बाईंचा आवाज आला, "पुढून अजून निमुळती कर गं."