अक्काचा मिस कॉल

माझा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला काही उरणार नाही. माझी थोरली बहीण, अक्का, गेली त्या दिवशी सकाळी तिनं मला दुसऱ्यांदा फोन लावला आणि मी तो कापला. हसत हसत कापला.

'मिस' हा शब्द मी लग्न होऊन तेव्हाच्या औरंगाबादला आल्यावर शिकले. आमच्या देवगाव रंगारीत बस चुकायची. इथं शेजारणीची बस मिस व्हायची. मला तो शब्द इतका आवडला, की कुठं जायचं नसलं तरी दारात उभी राहून मी मोठ्यांदा सांगायची, "अहो, आज बस मिस झाली!" टिकलीएवढं इंग्रजी आणि कपाळभर तोरा. पुढं मुलाच्या शाळेतल्या बाईही 'मिस' निघाल्या. चुकलेल्या बसचं नाव बाईंना कुणी ठेवलं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. आता पुण्याची नात फोनवर लिहिते, 'मिस यू आजी.' मी मुद्दाम विचारते, "कितीची बस होती?" ती चिडते. मला बरं वाटतं.

देवगावातच दिलेल्या अक्काला मात्र हा शब्द मी शिकवला.

घरात मोबाइल आले तेव्हा बोलायला पैसे पडायचे. म्हणून आमचं ठरलं, की रोज सकाळी शेळ्या सोडायच्या आधी तिनं मला मिस द्यायचा. म्हणजे ती उठली, बरी आहे. मी उचलायचा नाही, कापायचा. म्हणजे मीही उठले, मीही बरी आहे. पुढं बोलणं फुकटात जमा झालं, तरी आमचं तेच चालू राहिलं. फोन कानाला लावला की अक्काला काही सुचायचंच नाही. "हां, हां, ठेव," एवढंच. काही सांगायचं असलं तर संध्याकाळी तिची सून फोन लावून द्यायची. एकदा सकाळी मी चुकून उचलला, तर बिचारी घाबरीघुबरी झाली. "का गं, कोण गेलं?"

त्या दिवशी मी चहा गाळत होते. फोन वाजला, कापला. गाळणं धुवायला घेतलं तोच पुन्हा वाजला. मी माझ्या सुनेला म्हणाले, "म्हातारीचा अंगठा आज बटनाला चिकटला बघ. गूळ खाल्ला असंल." आणि कापला. सूनही हसली. मग मी चहात बिस्किट बुडवून खाल्लं. तेही आठवतं, मऊ पडून कपात पडलं होतं.

दुपारच्या आत भाच्याचा फोन आला. तो मी उचलला.

जीपमध्ये बसल्यापासून देवगाव येईपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. काय सांगायचं होतं तिला? छातीत दुखत होतं का? ये म्हणायचं होतं का? स्वतःहून कधी न बोलणारी बाई त्या दिवशी पुन्हा बटन दाबते, आणि मी गुळाचा विनोद करते! दारात पोचले तर शेळ्या अजून दाव्यालाच होत्या आणि ओरडत होत्या. त्या सोडायचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी आधी त्याच सोडल्या, मग आत गेले.

सगळं उरकून बायका आंघोळी करून बसल्या, तेव्हा मी अक्काच्या सुनेला बाजूला घेतलं. "सकाळी पुन्हा फोन का लावला होता गं तिनं?"

तिनं पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "काय म्हाईत, मावशी. म्हनल्या, आज तिच्याशी बोलावं वाटायलंय. म्या म्हनलं, लावून देऊ का? तं नको म्हनल्या, माझी मीच लावते. तुम्ही दुसऱ्यांदा कापला तवा हसल्या. म्हनल्या, 'कापला, म्हंजी बरी हाय ती. राहू दे. दुपारी बोलू.'"