मेघाची एकच खोट

रविवार, १५ डिसेंबर २०२४, सावदा. कडाक्याची थंडी. शेजारच्या मेघाला बघायला येण्याआधी चौकशी करावी म्हणून मुलाची मावशी धुळ्याहून आली आणि रिवाजाप्रमाणे आधी समोरच्या कोकिळाअक्कांकडे बसली. मीही तिथेच चहा घेत होते.

मेघाला मुलगा फोटोवरूनच मनापासून आवडला आहे. पण अक्का गल्लीतल्या प्रत्येक मुलीला सोनं म्हणतात, हे धुळ्यापर्यंत पोचलेलं.

"पोरगी गुणी, शिकलेली, शांत," अक्का म्हणाल्या. मावशी नुसतीच हं हं करत राहिली. तेव्हा अक्कांनी आवाज खाली आणला. "खोटं कशाले बोलू? भरीत मात्र खारट करते."

मावशीचा चेहरा खुलला. "आत्ता पटलं! म्हणजे बाकीचं खरं. आज तिच्या हातचं भरीत खाऊनच जाते."

ती उठून गेल्यावर मी म्हटलं, "अक्का, मेघासारखं भरीत या गल्लीत कुणाला जमत नाही!"

"मंग? नुसतं गोड सांगितलं तर कोन खरं मानते, माई? आता तिले सांगा, माझा शब्द राख म्हना."

मी सांगितलं. संध्याकाळी मेघा मोठी रिकामी वाटी घेऊन आली. आमच्या डब्यातलं मीठ संपलं. उद्या पुडा आणायचा.