नावापुढे ‘चालू’

सुशीला बोरकर नोकरीला लागली ती नवऱ्याच्या जागेवर. १९८४च्या उन्हाळ्यात दयाराम काविळीने गेला आणि दीड वर्षाने तिच्या अनुकंपा नियुक्तीचा कागद आला. तोवर ती चरोद्याला वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये परत आली होती. रोज लोकलने पॉवर हाउस स्टेशनला उतरायचं आणि पायी कचेरी गाठायची. सरकारी प्लॉटांचे कागद त्या कचेरीत असत.

कचेरीचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, बाबाराव थोटे मूळचे वर्ध्याकडचे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यापुढे गेटपासांचं जाड रजिस्टर ठेवलं. त्याला कारण होतं. बदली होऊन गेलेला एक लिपिक जुना पास दाखवून रेकॉर्ड रूममध्ये शिरला होता आणि एक फाईल घेऊन पसार झाला होता. मेमो मिळाला तो मात्र गेटवरच्या भैयालालला.

“शिक्का खरा, फोटो खरा. भैयालालनं काय करावं?” बाबाराव म्हणाले. “चूक आपल्या रजिस्टरची आहे. कोण आहे, कोण गेलं, कोणाले कोणती खोली उघडता येते, सगळं पाहून काढ.”

सुशीला एकेक नाव आस्थापना शाखेच्या यादीशी ताडून पाहू लागली. दोनशे चौदा नावांपैकी एकसष्ट माणसं कचेरीत नव्हतीच. कोणी जबलपूरला, कोणी पेन्शनीवर, काही वारलेले. तिसऱ्या दिवशी तिचं बोट एका ओळीवर थांबलं. दयाराम बोरकर, रेकॉर्ड रूम. पुढे लिहिलं होतं, ‘चालू’.

कचेरीच्या लेखी तो अजून रोज साडेदहाला आत येऊ शकत होता. तिने पेन खाली ठेवलं.

बाबारावांच्या ते लक्षात आलं. “राहू दे. ते नाव मी कापतो.”

“नाही काकाजी,” ती म्हणाली. “बाकीच्यांची कापून राहिली, मंग याचंच कावून सोडू?” तिने पट्टी धरून सरळ लाल रेघ ओढली, तारीख घातली, सही केली. मग नळावर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

दोघांनी मिळून नियम लिहिले. माणूस बदलून गेला, निवृत्त झाला की वारला, आस्थापना शाखेने त्याच संध्याकाळी चिठ्ठी द्यायची. दर तीन महिन्यांनी प्रत्येक शाखाप्रमुखाने आपल्या माणसांची यादी वाचून सही करायची. आणि स्वतःच्या पासावर स्वतःची मंजुरी कोणीही द्यायची नाही. यावर मोठे साहेब चिडले. बाबाराव हात जोडून, पण ठाम उभे राहिले. शेवटी साहेबांच्याही पासावर दुसऱ्याची सही झाली.

रद्द झालेले पास जमा करून फाडायचे होते. दयारामचा पास सुशीलाच्या ट्रंकेत होता. लग्नाच्या फोटोत त्याचा चेहरा मुंडावळ्यांआड गेलेला. नीट दिसायचा तो फक्त या पासावर. तिने तो बाबारावांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी चहाची किटली मागवली. पास वाफेवर धरला आणि पट्टीच्या टोकाने हळूहळू फोटो सोडवला. एक कोपरा फाटला तेव्हा ते स्वतःवरच चरफडले. फोटो तिच्या हातात देऊन त्यांनी पास फाडला आणि टायपिंगला निघालेला मसुदा परत मागवून त्यात एक ओळ वाढवली: मृत कर्मचाऱ्याच्या पासावरील फोटो कुटुंबाला परत द्यावा.

पुढच्या वर्षांत ते काम सुशीलाकडेच राहिलं. कोणाची बायको, कोणाची आई यायची. ती आधी त्यांना बसवायची, पाणी द्यायची, मग पास मागायची. सफाई कामगाराची विधवा तुळसाबाई पास सोडायलाच तयार नव्हती. सुशीला तिच्याजवळ तासभर बसली. “मीबी दिला मावशी,” एवढंच म्हणाली.

१९९२ साली बाबाराव निवृत्त झाले. हारतुरे झाले, जिलबी वाटली. दुसऱ्या दिवशी ते सवयीने साडेदहाला गेटवर हजर. भैयालालने मान खाली घातली. “बडेबाबू, आपका नाम कट गया है.”

सुशीला धावत बाहेर आली. “काकाजी, काल संध्याकाळी मीच कापलं.”

“किती वाजता?”

“सहाले दहा कमी असतील.”

“मंग बरोबर आहे.” ते हसले. “पाय इकडंच वळले वं पोरी.”

तिने भेटीची चिठ्ठी लिहिली. कोणाला भेटायचं त्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं आणि मंजुरीला शेजारच्या बाबूची सही आणली. ते पाहून बाबारावांनी समाधानाने मान हलवली. आत ते तिच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले, चहा प्याले, नातवाबद्दल बोलले. चिठ्ठी बारापर्यंतची होती. पावणेबाराला ते उठले, गेटवर चिठ्ठी परत केली आणि भैयालालची सही होईपर्यंत उन्हात उभे राहिले.