फळांच्या ताटातलं शपथपत्र

चेन्नईत वेलचेरीच्या आमच्या कॉल सेंटरमध्ये कोणाचा फोन कोणाकडे जाईल, हे सुरुवातीला नशिबावर होतं. कालच लागलेल्या मुलीच्या वाट्याला संतापलेलं गिऱ्हाईक यायचं आणि मुरलेला माणूस पासवर्ड विसरलेल्यांची समजूत घालत बसायचा. हे बदललं माझ्या हाताखालच्या सुपरवायझर बाईने. ती एकेकाच्या मागे उभी राहून ऐकायची, त्याची पायरी ठरवायची आणि अवघड फोन वरच्या पायरीकडे वळवायची. पुढे कंपनीने या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यावर शोधकर्ता म्हणून माझं एकट्याचं नाव होतं. मी विभागप्रमुख होतो. गप्प बसलो.

मी निवृत्त झाल्यावर कंपनीने दुसऱ्या एका कंपनीवर पद्धत चोरल्याचा दावा लावला. त्यांनी उलट विचारलं, शोध खरंच या माणसाचा आहे का? तो माझा नाही असं ठरलं, तर पेटंटच जाणार होतं. आमचा वकील घरी आला. आवाज न चढवता म्हणाला, "त्या बाई तुमच्याच तंजावरच्या मराठी लोकांतल्या ना? तुमचं ऐकतील."

आमच्यात वडीलधाऱ्याने पुढे केलेलं ताट परत पाठवत नाहीत. वकिलाला हे ठाऊक नव्हतं, मला होतं. विड्याची पानं, केळी, मोगऱ्याचा गजरा आणि त्यांवर वकिलाने तिच्या सहीसाठी तयार केलेला कागद, असं ताट घेऊन मी मैलापूरला तिच्या घरी गेलो. वकील खाली गाडीत थांबला. त्याने इंजिन बंद केलं नाही.

"सर, ताट घेऊन? मुलगी मागायला आलात की काय?" ती हसली. "माझी अजून दहावीत आहे."

"एक सही हवी होती."

तिने ताट दोन्ही हातांनी घेतलं, देवापुढे ठेवलं आणि कागद उचलला. "वाचू?"

"ऑफिसचं नेहमीचंच आहे."

"सरी, ठीक आहे. तुम्ही आणलंय, मग वाचायचं काय."

तिने सही केली. पद्धत माझी होती आणि तिने जे केलं ते सगळं माझ्या सांगण्यावरून केलं, असं त्या शपथपत्रात लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात तिला समोरच्या पक्षाकडून साक्षीची नोटीस आली. त्या कागदाची प्रतही सोबत होती. तिचा फोन आला.

"आता वाचलं, सर. खरं बोलले तर शपथेवर खोटं लिहून दिलं असं होणार. कागदाला धरून राहिले तर पुन्हा खोटं. कुठलं बोलू, ते तुम्हीच सांगा."

"मी बोलतो," मी म्हणालो.

तिने कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या वेळी का नाही बोललात?"

त्याच संध्याकाळी मी आमच्या वकिलाला फोन करून सांगितलं की शोध तिचा आहे आणि सही मी फसवून घेतली, असा जबाब देणार आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, तुम्ही हल्ली एकटेच राहता ना?" त्याने विचारलं.

मी जबाब दिला. पेटंटचं काय व्हायचं ते होईल. तिच्या सहीचं काय होणार, हे मी दोन्हीकडच्या वकिलांना विचारतो. दोघेही विषय बदलतात.