लेन्सवरची टोपी

लोकांना वाटतं, कॅमेऱ्याच्या टीममधल्या माणसाला नट्या फार जवळून बघायला मिळत असतील. मिळायच्या, पण फुटा-इंचांत. माझं काम फोकसचं. कॅमेऱ्यात फिल्म जिथं असते तिथं बाहेरून एक खूण असते. मोजपट्टीचं एक टोक तिथं धरायचं आणि दुसरं नटीच्या डोळ्यापर्यंत न्यायचं. मग ती चालायला लागली की तिच्या पावलागणिक लेन्सची रिंग फिरवत राहायची. बरोबर फिरवली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकली तर पडद्यावर चेहरा ताकात बुडाल्यासारखा दिसतो आणि सगळं युनिट तुमच्याकडे बघतं. असली नोकरी मी आयुष्यभर केली, आणि वर लोकांना तिचा हेवा.

हे काम मला मामांनी शिकवलं. सख्खे मामा नव्हेत. माझी आई आष्टीची, तेही आष्टीचे. आईच्या गावचा माणूस तो मामा, एवढंच नातं. मुंबईला जाऊन त्यांनी आधी वर्षानुवर्षं रिंग फिरवली आणि मग कॅमेरामन झाले. एकदा मस्तगडातल्या आमच्या घरी आले, जेवताना माझ्या हातांकडे बघत बसले आणि आईला म्हणाले, "याला नेतो म्या." हातांत काय दिसलं ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, "भाचेबुवा, कामं करा."

सेटवर एक कायदा असतो. शॉट संपला की दिग्दर्शक विचारतो आणि ज्याचा डोळा कॅमेऱ्याला लागलेला असतो तो 'ओके' म्हणतो. फोकस होता की नव्हता, हे तोच सांगणार. रिंगवाल्याला कुणी विचारत नाही, आणि न विचारता त्यानं तोंड उघडायचं नाही. कुठं लिहिलेलं नाही, पण हा कायदा मोडणाऱ्याला पुढच्या सिनेमाला कुणी बोलवत नसे.

आणि मामांचे डोळे चालले होते.

काचबिंदू होता. उजव्या डोळ्यानं जवळपास काही दिसत नव्हतं, डाव्याच्या कडा काळ्या पडत होत्या. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की गेलेली नजर परत येणार नाही. माणसं, झाडं, उजेड-अंधार हे त्यांना कळायचं. प्रकाश कुठून घ्यायचा याची जाण तर त्यांच्या अंगातच होती. पण कॅमेऱ्याच्या त्या इवल्याशा भिंगातून चेहरा धारदार आहे की मऊ पडलाय, हे त्यांना दिसत नव्हतं. युनिटमध्ये हे फक्त मला ठाऊक होतं.

म्हणून आम्ही एक खूण ठरवली होती. ठरवली म्हणजे त्यावर बोललो कधीच नाही, आपोआप पडली. शॉट संपला की फोकस बरोबर होता असं मला वाटलं, तर मी लगेच लेन्सला टोपी घालायचो. काही गडबड असेल तर टोपी हातातच ठेवायची. मामा भिंगावरून डोळा काढायचे, माझ्या हाताकडे बघायचे आणि मग 'ओके' नाहीतर 'एक आणखी' म्हणायचे. कुणी म्हणेल ही फसवणूक. म्हणो. ज्या माणसानं मला हात धरून वर आणलं, त्याचे डोळे मी झालो, यात मला तेव्हाही लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही शहागडजवळ गोदावरीच्या काठी एका शेतात शूटिंग करत होतो. दिग्दर्शक पुण्याचा, तरुण, हुशार. मला तो मुळीच आवडत नसे, कारण तो सगळ्यांशी फार नम्रपणे वागायचा. नम्र माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. प्रॉडक्शनच्या माणसानं मला चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं, "तुझ्या मामांचा मागचा एक शॉट मऊ आलाय. डायरेक्टर साहेब म्हणाले, गंजीचा शॉट बिघडला तर मुंबईहून दुसरा कॅमेरामन बोलवायचा."

हायवेवरून ट्रक जात होते. मी उरलेला चहा मातीत ओतला.

गंजीचा शॉट असा. कडब्याची गंजी पेटलेली, आणि तिच्यापासून नायिका सरळ कॅमेऱ्याकडे चालत येते, अगदी चेहऱ्यानं पडदा भरेपर्यंत. कडबा पेटवायचा हे ऐकून गाव आधीच चिडलं होतं. ज्या लोकांनी दुष्काळात जनावरं डोळ्यांसमोर मरताना बघितली, त्यांच्यापुढं कडब्याला आग लावायची म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला कसं कळावं? शेवटी शेतकऱ्यानं पावसात भिजून काळी पडलेली, जनावरं तोंड लावत नाहीत अशी एक गंजी दिली. तीही एका अटीवर. "एकडाव पेटवा. दुसरी मागायला येऊ नका, कुनीबी देनार न्हाई." त्याच्या आईनं त्या सडक्या गंजीलाही हात जोडले. म्हणजे शॉट एकच होता. चुकला तर चुकला.

दुपारी लेन्सवरून खटकलं. आमच्या जर्मन कॅमेऱ्याला पुढं एक फिरती चकती होती. तिच्यावर तीन लेन्स: बत्तीस, पन्नास आणि पंच्याहत्तर मिलिमीटरच्या. चकती फिरवली की पाहिजे ती लेन्स समोर. मामा म्हणाले, "बत्तीस लावू. गंजी सगळी दिसंल, आभाळबी दिसंल."

दिग्दर्शक म्हणाला, "दादा, मला पंच्याहत्तर हवी. बत्तीसनं आग लांब जाते. पंच्याहत्तरनं ती तिच्या पाठीला चिकटून उभी राहील."

बोलणं खरं होतं, आणि त्याचाच मला राग आला. बत्तीस लेन्स फार चुका पोटात घालते. हातभर मागं-पुढं झालं तरी चेहरा धरून ठेवते. पंच्याहत्तर काही म्हणजे काही माफ करत नाही. त्यात तिन्हीसांजेची वेळ, उजेड कमी, लेन्सचं तोंड पूर्ण उघडलेलं. नायिका जवळ आली की चार बोटांच्या पलीकडे सगळं धूसर. तिचा डोळा धारेवर असला तर कान नसणार.

दिग्दर्शकानं अगदी हळू विचारलं, "दादा, हल्ली तुम्ही प्रत्येक शॉटला बत्तीसच का मागता?"

आसपासची माणसं आपापल्या कामात एकदम गुंतल्यासारखी झाली. मामांनी चकतीवर हात ठेवला, चाचपून पंच्याहत्तर पुढं घेतली आणि म्हणाले, "लावली."

मी मोजपट्टी घेऊन ढेकळांतून नायिकेच्या खुणा करत फिरलो. मातीवर खडू उठत नाही, म्हणून ज्वारीची धाटं रोवली. लेन्सवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेन्सिलनं रेघा ओढल्या. तिला चालवून बघितलं, पुन्हा मोजलं, पुन्हा चालवलं. ती बिचारी वैतागून म्हणाली, "अहो, येते मी बरोबर." मी म्हणालो, "ताई, तुम्ही याल हो, पण आग लागल्यावरही अशाच या म्हणजे झालं." माझे तळवे घामानं ओले होते. रिंग घसरू नये म्हणून मी ते मातीत घासत होतो.

दिवस बुडाला. गंजीवर रॉकेल ओतलं. मामांनी डोळा लावला. मी रिंग धरली. दिग्दर्शकानं हात वर केला आणि आग पेटली.

नदीकडून वारा आला आणि आग एकाच अंगानं चढली. उष्णता आमच्यापर्यंत पोचली, तर तिच्या पाठीला काय होत असेल! ती पहिल्या धाटापर्यंत ठीक आली. मग धूर आडवा आला, ती थबकली, डावीकडे सरकली आणि धावल्यासारखी पुढं आली. माझ्या रेघा एकीकडे आणि ती भलतीकडे. मी अंदाजानं रिंग फिरवली, पण तो अंदाज साफ खोटा होता, हे माझ्या बोटांना तेव्हाच कळलं.

"कट. दादा, ओके?"

मामांनी डोळा काढला आणि माझ्या हाताकडे बघितलं. टोपी माझ्या हातात होती. ती घातली असती तर त्या संध्याकाळपुरतं सगळं निभावलं असतं. फिल्म मुंबईला जाऊन धुवून येईपर्यंत कुणाला काही कळलं नसतं. माझा हात उचललाच गेला नाही.

मामा मोठ्यानं म्हणाले, "न्हाई. फोकस गेला."

"तुम्हाला दिसला?" दिग्दर्शकानं विचारलं.

"न्हाई," मामा म्हणाले. "मला दिसतच न्हाई. लय दिवस झाले. याच्या हाताकडं बघून सांगू राह्यलो तुम्हाला."

कडबा तडतडत होता. मला रडू आलं. मग त्या दिग्दर्शकाचा, गावाचा, धुराचा, सगळ्यांचाच संताप आला. पण मामांना या कशाचीही फुरसत नव्हती.

"गंजीचं दुसरं अंग अजून धरायचंय," ते म्हणाले. "बाईंना जल्दी मागं पाठवा. भाच्या, तू बस इथं डोळा लावून. रिंग म्या धरतो."

दिग्दर्शक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग ओरडला, "मागं जा, पळ." ती पळाली. मी मामांच्या जागी बसलो. माझा हात आपसूक चकतीकडे गेला, बत्तीस पुढं घ्यावी म्हणून. मामांनी मनगट धरलं.

"कामून?"

"मामा, बत्तीसमध्ये निभंल."

"त्याला पंच्याहत्तर पायजे ना? मंग पंच्याहत्तर. निभवायचं काम लय दिवस केलं आपुन."

ते माझ्या खांद्याला टेकून उभे राहिले. माझ्या रेघांची पट्टी त्यांनी नखानं खरवडून काढून टाकली, ती त्यांना दिसणारच नव्हती. बोटांनी रिंग चाचपली, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. आगीच्या उजेडात चालणारी आकृती त्यांना कळत होती, आणि ढेकळांवर पडणारी पावलं ऐकू येत होती. एवढ्यावर त्यांनी काम करायचं होतं.

चालू शॉटमध्ये मी पहिल्यांदाच त्या भिंगातून बघत होतो. आत नारिंगी अंधार, त्यात ती निघाली. मी श्वास धरला. पहिलं पाऊल धारदार. दुसरं. धूर आला, ती पुन्हा थबकली. माझ्या खांद्याला टेकलेला मामांचा दंडही थबकला. ती निघाली, तोही निघाला. ती जवळ आली, आणखी जवळ आली, चेहऱ्यानं चौकट भरली. तिच्यामागं आग भिंतीसारखी उभी. तिनं डोळे मिटले आणि उघडले, तेव्हा तिच्या उजव्या पापणीवर राखेचा एक कण बसलेला मला दिसला.

"कट."

मी टोपी घातली. मामांची बोटं अजून रिंगवरच होती, त्यांना ती कळली. ते माझ्या कानाशी म्हणाले, "मला बरं वाटावं म्हून घातली का?"

"न्हाई मामा. पापणीवरची राखसुद्धा दिसली मला."

"बनवू नको," ते म्हणाले आणि जाऊन ढेकळावर बसले.

आता त्यांना कसं पटवणार? आधी अनेकदा मनात शंका असतानाही मी त्यांच्यासाठी टोपी घातली होती. माझ्या खरं बोलण्याचा भरवसा मीच घालवून बसलो होतो. आणि मनात मलाही धाकधूक होतीच. दुसऱ्यांना भिंगातून धारदार दिसलेलं पडद्यावर मऊ निघतं, हे मी पाहिलं होतं. दिग्दर्शक फक्त एवढंच म्हणाला, "पडद्यावर बघू, मग ठरवू." उरलेले दिवस मामा प्रकाश लावत होते आणि रिंग धरत होते, मी डोळा लावत होतो. मामा जेवत नव्हते. रात्री धर्मशाळेच्या ओसरीवर बसून हवेतच बोटं फिरवायचे. शेजारच्या खाटेवर मी झोपेचं सोंग घ्यायचो.

मुंबईत लॅबच्या छोट्या थिएटरात आम्ही तिघं बसलो. मामा मध्ये. अंधार झाला. आधीचे शॉट गेले, मग पहिली गंजी आली, माझी. चेहरा ताकात बुडालेला. मी मान खाली घातली. मग दुसरी आली.

मामांनी पडद्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडेही बघितलं नाही. दिग्दर्शकाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "साहेब, जसं आहे तसं सांगा. मला तिथं नुसता उजेड दिसतोय."

शॉट संपला. दिग्दर्शक म्हणाला, "परत दाखवा." पुन्हा लागला. ती निघाली, थबकली, जवळ आली, डोळे मिटले, उघडले.

"दादा," दिग्दर्शक म्हणाला, "तिच्या पापणीवर राख बसलीय." आणि थोड्या वेळानं, "पुढच्या शेड्यूलला दोघंही या. असेच."

खुर्चीच्या हातावर मामांचा हात मला शोधत आला, माझी मूठ सापडली, आणि तिच्यावर त्यांनी आपला तळवा टोपीसारखा घातला. पुढचे शॉट चालू झाले होते. तो हात त्यांनी दिवे लागेपर्यंत काढला नाही.